उशिरा येणारी धडधड

सांडूला नवं हृदय बसवून नऊ महिने झाले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला आणि मंजुषाला, त्याच्या बायकोला, कागदावर काढून दाखवलं होतं. मेंदूतून हृदयाकडं दोन जातीच्या नसा येतात. एक ठोके वाढवते, दुसरी आवरते. हृदय बदलताना दोन्ही कापाव्या लागतात, परत जोडता येत नाहीत. म्हणून भीतीची खबर या हृदयाला नसांवाटे मिळणार नव्हती. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात जो रस सोडतात, त्यातूनच मिळणार होती. म्हणजे काही मिनिटं उशिरा.

तसंच झालं. चितेगावच्या कंपनीतून येताना एकदा ट्रक अंगावर आला. सांडूला दरदरून घाम फुटला, छाती मात्र शांत. पुढं टपरीवर निवांत चहा पिताना ती धडधडायला लागली.

मे महिन्यातली दुपार होती. पडेगावच्या घरात दोघं जेवायला बसले, आणि सांडूनं हातातला घास ताटात ठेवून छातीवर हात दाबला. घरात काहीच घडलं नव्हतं. मंजुषानं घड्याळ पाहिलं.

"पाच मिनिटांपूर्वी कुठं होता तुम्ही?"

"मागं. कूलरात पानी भरत होतो."

ती मागं गेली. कूलरखालच्या ओलीत नाग वेटोळं घालून बसला होता. सांडू पाइप धरून तिथंच, हातभर अंतरावर उभा राहिला होता. सर्पमित्र येऊन नाग घेऊन गेला. आपण तो पाहिलाच नाही, असं सांडू शपथेवर सांगत राहिला. डोळ्यांनी पाहिला असेल, तुम्हाला कळलं नसेल, असं मंजुषा म्हणाली, तेव्हा त्यालाही बरं वाटलं.

संध्याकाळी तो बाजेवर पडला होता, ती शेजारी गवार निवडत होती. छाती पुन्हा धडधडायला लागली, दुपारपेक्षा जोरात. या खेपेला सांडू तासभर जागचा हलला नव्हता. आतल्या खोलीच्या उघड्या दाराकडं नुसता बघत होता.

"तिथं काय दिसलं?" मंजुषानं हळूच विचारलं.

"कायच नाय. रिकामी खोली."

कारभारी नावाचा शेजारी काठी घेऊन आला, सर्पमित्रालाही परत बोलावलं. खोलीतलं सगळं सामान अंगणात काढलं. काही सापडलं नाही. दिवेलागणीलाच दोघं गुलमंडीत मंजुषाच्या भावाकडं गेले, ते परत आलेच नाहीत.

पडेगावच्या घरात आता भाडेकरू राहतात. त्यांना कसलाच त्रास नाही, असं ते सांगतात.