टाचण्यांची उशी

थोरलीने उशीत आणखी एक टाचणी खोवली आणि सासूबाईंकडे बघून हसली. आगमनकाळाचा तिसरा आठवडा चालू होता. नाताळापर्यंतचे चार आठवडे घरातल्या कुणालाही टोचून बोलायचं नाही, असं तिने पहिल्या रविवारी चर्चमध्ये मनाशी ठरवलं होतं. गिळलेल्या प्रत्येक शब्दामागे एक टाचणी. उशीचं आता साळिंदर झालं होतं.

नवरा म्हणाला होता, घरात एवढी शांतता, कुणी आजारी असल्यासारखं वाटतं. त्याचीही एक टाचणी त्यात होती.

बाकीच्या बहुतेक धाकट्या जावेच्या. चर्चच्या वेदीवरचं नाताळचं पांढरं वस्त्र अठरा वर्षं थोरलीच्या हातचं असायचं. यंदा फादरांनी कापड धाकटीच्या हाती दिलं. शिकू दे तिलाही, म्हणाले. वर सासूबाईंचं पालुपद, धाकटीचा टाका कसा तिळाएवढा, नजर लागेल. थोरलीच्या टाक्याला अठरा वर्षांत कुणाची नजर लागली नव्हती.

दुपारी धाकटीने खोलीभर कापड पसरलं. कोरं, खळीच्या वासाचं. मोजून निळ्या खडूने रेघ ओढली, कात्री उचलली.

थोरलीच्या ओठाशी शब्द आला. कोरं सुती कापड पाण्यातून काढल्याशिवाय कापायचं नसतं. पहिल्याच धुण्यात वीतभर आटेल, वेदीच्या कडा उघड्या पडतील. सगळे विचारतील, यंदा कुणाच्या हातचं?

हा विचार तिने खडीसाखरेसारखा जिभेखाली धरला. बोलायचं नाही, असं ठरलंच होतं की. तिने टाचणी उचलली.

"ताई, बरोबर आहे ना?"

"तुझं तू बघ. मी कशाला मध्ये बोलू?"

टाचणी उशीत शिरेना. जागाच उरली नव्हती. जोर दिला तशी ती वाकली.

कात्रीचा आवाज मात्र आला नाही. थोरलीने वर पाहिलं. धाकटी उघडी कात्री धरून तशीच बसली होती.

"तीनदा मोजलं, तीनदा पुसलं," ती म्हणाली. "सकाळपासून वाट बघतेय, तुम्ही ओरडाल म्हणून. आधी ओरडायचात, तेव्हा निदान कुठे चुकलं ते कळायचं. तीन आठवडे झाले, ताई. माझं काय चुकलंय?"

थोरली गुडघ्यावर हात टेकून उठली. बादली भरून आणली. धाकटीच्या हातातली कात्री काढून घेतली आणि कापड गोळा करून पाण्यात सोडलं. निळी रेघ विरत विरत गेली.

"कोरं कापड कापतात का गं, वेडाबाई? आधी पाणी पिऊ दे त्याला."

आतून सासूबाईंनी विचारलं, फुटला का कंठ एकदाचा? धाकटी हसली, मग पदराने नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी कापड वाळलं. वीतभर आखूड झालं होतं, तरी वेदीला पुरून उरणारं. धाकटीने कडा दुमडली आणि न बघताच हात पुढे केला. थोरलीने उशी तिच्या मांडीवर ठेवली. एकेक टाचणी निघत गेली, कडेला लागत गेली. शेवटी वाकडी हाती आली.

"ही कशी वाकली, ताई?"

"दे इकडे," थोरली म्हणाली. "ती माझी आहे."