ज्वालामुखीचं मावंदं

काशीहून परत आलं की मावंदं करायचं असतं. गंगेचा गडू पाटावर ठेवायचा, त्याची पूजा करायची, चार माणसं जेवू घालायची, तेव्हा कुठे यात्रा पुरी झाली म्हणायची. वनमालाबाई काशीला अजून गेल्याच नव्हत्या. त्यांनी मावंदं घातलं ते बालीहून आल्यावर, रायपूरला शंकर नगरातल्या घरी, एका रविवारी दुपारी. पाटावर गडव्याच्या जागी ठेवला एक काळा, भोकाभोकांचा दगड.

“वहिनी, याले नैवेद्य कशाचा?” दीर यशवंतरावांनी विचारलं. त्यांचा सगळा जन्म रेल्वेत गेला होता आणि आवाज अजून फलाटावरचाच होता.

“पुरणाचा. जमिनीच्या पोटातून आला तो, भाऊजी. त्याले गरमच लागते.”

“अन् सोवळ्याचं काय?”

“भट्टीतून निघाला आहे. याच्यापेक्षा सोवळं कोण आहे या घरात?”

विजयाताई, शाळेतल्या त्यांच्या जुन्या सोबतीण, हसता हसता खोकल्या. वनमालाबाईही हसल्या. पण हळद-कुंकू त्यांनी दगडाला अगदी नेमकं, मधोमध वाहिलं.

स्वयंपाकघरात पोळ्या होत होत्या. तोवर पाहुण्यांना सहलीचे फोटो दाखवायचं ठरलं. मुलाच्या, सचिनच्या, फोनची बॅटरी पार उतरली होती, म्हणून त्यानं बायकोचा, देवश्रीचा, फोन टीव्हीला जोडला आणि तो ताटं घ्यायला आत गेला. फोटो आपोआप पुढे सरकू लागले.

फोटो : विमानतळ

सचिन, देवश्री, त्यांची इरा आणि मध्ये वनमालाबाई. पंडरीच्या कापडबाजारातून घेतलेली नवी साडी आणि साडीखाली पांढरेशुभ्र बूट.

“बूट पाहा! वनमाला, तू तर पळतच सुटशील,” विजयाताई म्हणाल्या.

फोटोत नाही ते असं. सदर बाजाराजवळच्या शाळेत वनमालाबाईंनी उभी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा वर्गातला नकाशा एका दिवसात जुना झाला. नवा येईपर्यंत त्यांनी त्याच्यावरच खडूनं नवी सीमा आखली होती. पण त्यांचा लाडका धडा ज्वालामुखीचा. फळ्यावर उभा छेद काढायच्या. खाली लाल खडूचा साठा, मधे नळी, वर विवर, बाजूला थरावर थर. मुली आ वासून बघायच्या. मग दरवर्षी एखादी पोट्टी हात वर करायची, “बाई, तुम्ही पाह्यला का?”

“नाही.” दरवर्षी हेच उत्तर. धूर पाहिला होता तो भिलाईच्या भट्टीचा.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा सचिन म्हणाला, “आई, तुले खरा ज्वालामुखी दाखवतो.” सचिन नव्या रायपुरात मोठ्या कार्यालयात होता, शब्द देताना त्याचा हात आपोआप छातीवर जायचा. त्या दिवसापासून वनमालाबाई रोज संध्याकाळी बूट घालून गल्लीत फेऱ्या मारू लागल्या. भाजीवालीनं विचारलं, “दीदी, डॉक्टर ने बोला है क्या?” त्या म्हणाल्या, “नहीं, पहाड़ ने बोला है.”

फोटो : काळी वाळू

समुद्रकिनारा, पण वाळू कोळशाच्या भुकटीसारखी. वनमालाबाई वाकून मूठ भरताहेत. मागे देवश्री हसते आहे.

“हे काहून काळं हो?” यशवंतराव म्हणाले. “आपल्या यार्डातल्यासारखं.”

“डोंगरानं ओकलेला दगड आहे, भाऊजी. लाटांनी दळला.”

त्या दिवशी इरा त्यांच्या कडेला चिकटून होती. सगळी उत्तरं तिला त्यांच्याकडूनच हवी होती. “दादी, अंदर अभी भी गरम है?” “हव, बेटा.” “पहाड़ सोता है?” “डुलकी घेते. माझ्यासारखी.”

फोटो : बूट

हा इरानं काढलेला. चार जोडे एका रांगेत, हॉटेलच्या दाराशी. पांढरे त्यांचे.

डोंगरावर जायची ती सकाळ. वनमालाबाईंची वेणी घालून झाली होती, पिशवीत लिंबू-साखर, खांद्यावर शाल. इरानं तेवढ्यात उलटी केली. अंग तापलं होतं. देवश्री तिच्या कपाळावर हात ठेवून बसली, सचिन फोन घेऊन बाहेर गेला. परत आला तेव्हा त्यानं मान हलवली.

“डोंगर बंद केला, आई. धूर वाढला म्हणे. कोणालेच सोडून नाही राहिले.”

वनमालाबाई पलंगावर बसल्या. मग त्यांचा चेहरा उजळला, अगदी वर्गात उजळायचा तसा. “म्हणजे जागा आहे तो! वायू निघत असतील. बंद करतातच मग. बरोबर आहे त्यांचं.”

“गाडी तर सांगूनच ठेवली आहे. आम्ही बाजारातून जाऊन येतो. तू इराजवळ बसशील?”

“हे काय विचारणं झालं? जा.”

दिवसभर त्यांनी इराला मांडीवर घेतलं. कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि हॉटेलच्या कागदी रुमालावर ज्वालामुखीचा छेद काढून दाखवला. लाल खडू नव्हता, तर देवश्रीच्या लिपस्टिकनं लाव्हा रंगवला. खिडकीतून डोंगराचा नुसता खांदा दिसत होता. त्या अधूनमधून उठून त्याला बघून यायच्या. संध्याकाळी सचिननं त्यांच्या हातात तो दगड ठेवला. “बाजारात मिळाला. तुझ्यासाठी.”

रायपूरला आल्यावर त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं. विजयाताईंना, दूधवाल्याला, भाजीवालीला. देव दार लावून बसला होता, पण आपण उंबऱ्यापर्यंत जाऊन आलो. आत जागा होता तो. उंबऱ्याचं दर्शनही दर्शनच, म्हणून मावंदं.

फोटो : (नाव नाही)

टीव्हीभर आकाश. सचिन आणि देवश्री गालाला गाल लावून, गॉगल घालून. दोघांची पाठ एका मोठ्या खड्ड्याकडे. दोन डोक्यांच्या मधे मूठभर जागा, तिच्यात राखाडी कड आणि पांढरी वाफ.

“अरे वा!” यशवंतराव फलाटभर आवाजात म्हणाले. “पोहोचलेच की पोट्टे! वहिनी, तुम्ही तर म्हणत होत्या बंद होतं?”

वनमालाबाईंच्या हातात तुपाची वाटी होती.

पुढचा फोटो. सचिन त्याच कडेवर वाकलेला, काहीतरी उचलतोय. काळं, भोकाभोकांचं.

सगळ्यांच्या माना आधी टीव्हीकडे गेल्या, मग पाटाकडे. देवश्री पोळ्यांचं ताट घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. सचिन तिच्या मागे होता. आपल्या फोनमधले हे फोटो त्यानं काढून टाकले होते. तिच्या फोनचं त्याला सुचलंच नव्हतं.

“दुसऱ्या दिवशी उघडला असेल, नाही का?” विजयाताईंनी सावरून घ्यायला म्हटलं.

“उस दिन का ही है,” इरा सोफ्यावरून म्हणाली. “मुझे बुखार था ना, उस दिन.” मग तिनं बापाकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. “सॉरी, पापा.”

वनमालाबाईंनी वाटी खाली ठेवली. “तुले माहीत होतं, बाळा?”

इरा मान खाली घालून म्हणाली, “पापा ने बोला था, दादी रोएगी.”

मांडीवर डोकं ठेवून, रुमालावरच्या लाल लाव्ह्यावरून बोट फिरवत ही पोरगी दिवसभर विचारत होती, दादी, पहाड़ कब खुलेगा? तेव्हाच तिला माहीत होतं, की त्याच्या नंतर सांगितलं? वनमालाबाईंनी ते विचारलं नाही. कोणतंही उत्तर आलं असतं तरी ते कुठे ठेवायचं, हे त्यांना समजलं नसतं.

“आई,” सचिन पुढे आला. “इराजवळ कोणीतरी राहाच लागत होतं. अन् देवश्रीचंही पहिल्यांदाच...”

“मग मागायचं होतं ना. मी नाही म्हटलं असतं का?”

“नसतं म्हटलं. ते माहीतच होतं.”

“मग?”

सचिननं पाहुण्यांकडे पाहिलं. यशवंतराव पंख्याकडे बघत होते. “तू हो म्हटलं असतं, अन् तुझं तोंड एवढंसं झालं असतं. ते तोंड डोळ्यासमोर घेऊन मले वर चढता आलं नसतं, आई.”

“म्हणजे तुले चढाले सोपं जावं, म्हणून मले खोटं सांगितलं.”

“तू खूशच होती ना त्या दिवशी? सगळ्यांले सांगून राहिली होती...”

“हव,” वनमालाबाई म्हणाल्या. “सगळ्यांले सांगून राहिली होती.”

पांढरे बूट दाराशी होते. आज त्यांनी ते मुद्दाम पुसून ठेवले होते, पाहुण्यांना दिसावेत म्हणून. त्यांची नजर तिकडे गेली आणि लगेच परत आली.

फोटो : काढला नाही

दगडासमोर दुसरा पाट होता, यजमानाचा. पूजेला त्याच्यावर वनमालाबाई बसल्या होत्या, पदर घेऊन. आता त्यांनी तो पाट पदरानं झटकला.

“बस.”

“आई, काहून असं...”

“जो दर्शन घेऊन आला, मावंदं त्याचं. बस, सचिन. पोळी गार होऊन राहिली.”

तो बसला. त्यांनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. ताट पुढे ठेवलं, पुरणपोळी वाढली, तिच्यावर तूप सोडलं. देवश्री म्हणाली, “आई, मी वाढते,” तेव्हा त्यांनी नुसता हात केला. ती भिंतीशी उभी राहिली. यशवंतरावांना निदान आता तरी काही गमतीचं सुचायला हवं होतं.

मग वनमालाबाई त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीसारख्या.

“आता सांग. काय दिसलं?”

“आई, नंतर...”

“यात्रा करून आलेल्यानं सांगावं लागते. सगळे त्यासाठीच आले आहेत. मी तर आता ऐकूनच घेईन ना.”

सचिननं घास तोडला आणि हातातच ठेवला. “मोठं होतं. खोल.”

“आतून भिंतीले थर दिसत होते? एकावर एक?”

“असतील.”

“वाफ तळातून निघत होती की कडेच्या फटींतून?”

त्यानं हातातला घास तुपात बुडवला.

“वास?”

“वास होता,” तो घाईनं म्हणाला, एक तरी उत्तर आल्यासारखा. “माचीस ओढल्यासारखा.”

“गंधक,” वनमालाबाई पुटपुटल्या. क्षणभर त्यांचे डोळे मिटले. “अन् तळ? तळाशी काय होतं?”

“आई...” त्याचा आवाज बारीक झाला. “आम्ही फोटोच काढून राहिलो होतो. गाडीवाला घाई करत होता. तिकडे पाठ होती आमची.”

“वळून नाही पाह्यलं?”

“पाह्यलं असेल. लक्षात नाही.”

वनमालाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. टीव्हीवर आता बाजार आला होता, टोपल्या, मुखवटे. “इरा,” त्या म्हणाल्या, “तो मागचा फोटो आण.”

इरानं आणला आणि आजीच्या शेजारी येऊन तिचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला. स्वतः धरला नाही. त्या टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या, इतक्या की निळसर उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला. दोन हसऱ्या डोक्यांच्या मधली ती मूठभर जागा त्यांनी आधी उजवीकडून, मग डावीकडून पाहिली. थोडी कड. थोडी वाफ. कडेच्या खाली एक फिकट पट्टा. थर असावा, किंवा देवश्रीच्या केसांची बट.

“तुम्ही दोघं जरा सरका ना,” त्या पडद्याला म्हणाल्या.

पाटावर बसलेला सचिन, हातात घास तसाच धरून, बाजूला सरकला.