चार गड्यांचं मशीन

टण्ण. स्टीलच्या वाटीत बोल्ट पडला आणि दुपारची शांतता मोडली. तिने श्वास रोखला. आत सासऱ्यांचं घोरणं क्षणभर थांबलं, कूस बदलून पुन्हा सुरू झालं.

वह्या कापायचं हे बिडाचं मशीन सासऱ्यांचं, चाळीस वर्षं दाराआडच्या अंधारात उभं. त्यांची कंबर धरली तसं शाळेच्या वह्यांच्या बांधणीचं काम तिच्याकडे आलं. पण अंधारात तिच्या हातून वहीची कड वाकडी जायची. शाळेनं पहिला गठ्ठा परत पाठवला होता. उद्याचाही परत आला, तर काम दुसरीकडे जाणार होतं. उजेड होता खिडकीखाली, आठ पावलांवर. सासरे म्हणाले होते, आणायला चार गडी लागले होते, रविवारी बघू. त्यांचा रविवार म्हणजे कधीच नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

म्हणून तिने चाक उतरवलं, पातं उतरवलं, वरची लोखंडी फळी उतरवली. तेवढाच भार कमी. मग फरशीवर साबणाचं पाणी ओतलं आणि खांदा लावला. मशीन तसूभर हललं नाही. तीच मागे घसरत भिंतीला टेकली.

खाटेवर बसवलेली पाच वर्षांची चिमणी खुदकन हसली. "आई, साबण तर तुझ्याच पायाखाली आहे."

पोर बरोबर बोलली. घसरायचं मशीनने, पाय रोवायचे तिने. तिने फरशी कोरडी ठणठणीत पुसली, पहारीने मशीनचा एकेक पाय उचलून खाली जुन्या ब्लँकेटच्या घड्या सारल्या, अनवाणी पाय रोवले आणि रेटलं. आधी त्याने जीव काढला. मग सुटलं, आणि सुटल्यावर ते आडमुठं गपगुमान चालू लागलं. खिडकीखाली पोचेपर्यंत ती मध्ये थांबलीच नाही. थांबलं की पुन्हा पहिल्यापासून.

सासरे दारात कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. सगळं पुन्हा जोडून तिने एक वही कापली. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला.

"माझ्या हातून एवढी सरळ गेली नव्हती, पोरी."

मग ते खिडकीत उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, चार गड्यांचं मशीन आमच्या सुनेनं एकटीनं हलवलं. उतरवलेल्या चाकाचं नाव काढलं नाही. तिनेही काढलं नाही.

चिमणी मात्र मशीनला बोटाने ढकलून बघत होती.

"आई, चालायला लागल्यावर ते हलकं झालं ना? मग तेवढ्यात त्याचं वजन कुठं गेलं होतं?"