जैतुनची तिसरी शिंक

तापीमायची आण, मित्रांनो! सातपुड्याची आण! पुढचा एक जरी शब्द खोटा निघाला, तर माझ्या दोन्ही बिजागऱ्या गळून पडोत!

मी एक जुनी खिडकी आहे. नंदुरबारच्या एका शाळेची, गोऱ्या सायबाच्या राज्यातली. त्याआधी मी सातपुड्यात सागाचं झाड होते. माझ्या बुडाशी रोज दुपारी एक वाघ झोपायला यायचा आणि असा घोरायचा, की माझी पानं गळायची. हसताय काय? शप्पथ घेतलीय मी! मग गुलाबसिंग लाकूडतोड्याने मला तोडलं आणि गाडीत घालून खाली आणलं. सुताराला घाई फार. लाकूड वाळायची वाट न बघता त्याने फळ्या ठोकल्या. पहिलाच उन्हाळा लागला आणि माझी डावी फळी वाकली. तेव्हापासून मी कधी नीट मिटलेच नाही.

उन्हाळ्यात सगळी पोरं माझ्याखाली बसायला भांडायची. थंडीत मात्र मला शिव्या. कारण शाळेच्या मागेच मिरचीच्या पथाऱ्या. लांबच लांब लाल मिरची वाळत पडलेली. बायका ती खालीवर करायच्या, वारा सुटायचा आणि सगळा ठसका माझ्या वाकड्या फळीतून वर्गात. तिथल्या माशासुद्धा शिंकायच्या.

वर्ग नवल गुरुजींचा. शिकवायला हुशार माणूस. त्यांच्या वर्गात एकच मुसलमान मूल होतं, जैतुन. रमजान पिंजाऱ्याची लेक. बाप गाद्यांचा कापूस पिंजायचा. त्या घरात वाचायला शिकलेली ही पहिलीच.

वर्गातला सुपडू शिंकला की गुरुजी म्हणायचे, "शतायुषी हो!"

जैतुन शिंकली की, "बाहेर हो! तुम्हा लोकांना शिस्त म्हणून नाहीच. मुद्दाम करतेस."

"मुद्दाम नही गुरुजी, वारा ई ऱ्हायना." ती माझ्या फटीकडे बोट दाखवायची.

"वर तोंड करून बोलतेस? जा, उन्हात उभी राहा."

दोष माझ्या फळीचा, आणि ऊन त्या पोरीला! असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा गुरुजींनी सांगून टाकलं, "उद्या दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार. आता तिसऱ्यांदा शिंकलीस, तर नावच काटतो. बस मग घरी."

दुसऱ्या दिवशी जैतुन आली ती दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे घालून. बापाने ताजा पिंजलेला, मऊ कापूस. कविता म्हणायला लागली, तर सगळा वर्ग खदखदा हसला.

शेजारी बसलेली दगू म्हणाली, "वं जैतुन, तू ते म्हैससारखी बोली ऱ्हायनी!"

"हसू नको व. मन्हं नाव काटतीन."

दगूने जरा विचार केला. "काढ ते बोळा. तू शिंकशी ते आम्हीबी शिंकसूत. मंग गुरुजी कोनकोनले काढतीन?"

जैतुनने बोळे काढले, तेवढ्यात वारा सुटला. मी जीव खाऊन फळी ओढून धरली, मित्रांनो, पण वाकडी ती वाकडीच. जैतुन शिंकली. गुरुजींचं बोट दाराकडे गेलं. तोच दगू शिंकली. मग सुपडू. मग मागची रांग. जैतुननंतरच्या पहिल्या चार शिंका खोट्या होत्या, पुढच्या सगळ्या खऱ्या. मिरची काय थट्टा करते का?

"सगळे बाहेर!" गुरुजी ओरडले.

पोरं उन्हात रांगेने उभी राहिली आणि त्याच क्षणी दिपोटी साहेबांचा टांगा दारात. साहेब आत आले. वर्गात गुरुजी एकटे.

"वर्ग कुठंय?"

"शिंकला, साहेब."

"शिंकायला बंदी आहे का या शाळेत?"

दगूने माझ्या फटीतून डोकं आत घातलं. "बंदी नही सायेब. सुपडू शिंकना का शतायुषी, जैतुन शिंकनी का नाव काटा. मिरची ते एकच शे ना?"

साहेब काहीतरी बोलणार, तोच वाऱ्याचा झोत आला. ते असे शिंकले, की त्यांची पगडी उडाली, वर्गभर फिरली आणि थेट गुरुजींच्या डोक्यावर जाऊन बसली. तिच्याखाली गुरुजीही शिंकले.

"आता आपली दोघांची नावं काटायची का, गुरुजी?" साहेबांनी विचारलं.

बाहेर पोरं पोट धरून हसली. गुरुजींनी पगडी परत दिली, सगळ्यांना आत घेतलं, जैतुनपाशी गेले आणि म्हणाले, "चुकलं माझं, पोरी." तिचं नाव हजेरीत राहिलं. चौथी पास झाली ती.

शाळा नवी बांधली, तेव्हा मला काढलं. आता मी कौसाबाईच्या गोठ्यात उभी असते आणि शेळ्या माझ्या अंगाला अंग घासतात. तर मित्रांनो, तुमच्या खिडक्यांना तेल देत जा, फळ्या नीट वाळवून ठोका. आणि कुणाला उन्हात उभं करायच्या आधी वारा कुठून येतोय तेवढं बघा.

वाघ खरा. पगडीही खरी, ती उडालीच. पण एक गोष्ट मी घातली, कबूल करते. गुरुजी "चुकलं माझं" असं म्हणालेच नाहीत. त्यांनी खाली पडलेली जैतुनची पाटी उचलली, धोतराच्या सोग्याने तिची धूळ झटकली आणि तिच्या जागेवर ठेवली. बस, तेवढंच. ते वाक्य माझं. जैतुनला कुणीतरी ते म्हणायला हवं होतं, म्हणून म्हटलं.