कोपऱ्यातला ठिपका

मित्रांनो, सिनेमा बघताना तुमच्या पाठीमागे, वरच्या भिंतीतल्या चौकोनी भोकाआड जो घरघरत असायचा, तो मी. एक जुना प्रोजेक्टर. सगळे माझ्याकडे पाठ करूनच बसायचे, त्यामुळे माझं तोंड सहसा कोणी पाहायचं नाही. तक्रार नाही, पण एकदा सांगून ठेवलेलं बरं.

ओतीव लोखंडाचं अंग, पितळी चाकं आणि काचेचा एक डोळा घेऊन मी कारखान्यातून या थिएटरात आलो. सोबत माझा जुळा भाऊही आला. आम्ही दोघं लागतोच, कारण अख्खा सिनेमा एका रिळात मावत नाही. माझं रीळ संपत आलं की पडद्यावर उजव्या कोपऱ्यात, अगदी वर, एक ठिपका चमकतो. तो दिसला की डोळ्याचं पातं लवायच्या आत भावाकडचं रीळ सुरू व्हावं लागतं. नाहीतर पडदा पांढराफटक, आणि खालून शिट्ट्या.

तो ठिपका सांभाळायचा आमच्या ऑपरेटरने. डोळ्यांत तेल घालून. उभ्या जन्मात त्याचा ठिपका चुकला नाही. पुढे जमाना बदलला, प्रेक्षक घटले, माझ्या अंगावर धूळ साचू लागली. मग मालकाने नवं यंत्र मागवलं आणि ठरवलं, की ते येईपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी हॉलिवूडचे जुने सिनेमे दाखवायचे, माझ्या तरुणपणचे.

काय महिना होता तो! कधी वाळवंटातून घोडे असे उधळत यायचे की पहिल्या रांगेतली माणसं पाय वर घ्यायची. कधी नुसती एक बाई जिना उतरायची, आणि भरलेलं थिएटर श्वास रोखून बसायचं. भाषा निम्म्यांना कळत नव्हती, तरी हसू आणि रडू सगळ्यांना एकदमच यायचं. माझ्या पोटातून जाणाऱ्या बोटभर फितीत एवढं जग कसं मावतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

ऑपरेटरची बायको चहा घेऊन वर यायची आणि शेजारच्या भोकातून बघत उभी राहायची.

"काय रडली हो ती बाई," ती एकदा म्हणाली.

"कोणती बाई?"

"अख्खा सिनेमा तिच्यावर आहे, आणि कोणती बाई काय विचारता?"

"अगं, मी ठिपका बघत होतो."

तेव्हा उलगडा झाला. जन्मभर लोकांना सिनेमे दाखवणाऱ्या या माणसाने एकही सिनेमा पुरता पाहिला नव्हता. शेवटच्या रिळात ठिपक्याचं काम नसतं, पण तेव्हा तो पाठ फिरवून आधीचं रीळ गुंडाळत बसायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याच्याही मनाला ते लागलं. "एक तरी बघायला हवा होता," तो हळूच म्हणाला. महिना संपला की आम्हीही जाणार होतो आणि तोही.

"मग खाली जाऊन बसा. मी चालवते."

"तुला जमेल?"

"इतकी वर्षं इथे काय भिंत बघत उभी होते? आणि दूध उतू जायच्या आधी मला कळतं. तुमचा ठिपका तर सांगून येतो."

तो गेला, मधोमध बसला. परत आल्यावर तिने विचारलं, काय होती गोष्ट? तो म्हणाला, "तिसरा ठिपका जरा फिका आहे." तिने कपाळाला हात लावला.

शेवटच्या दिवशीचा सिनेमा त्याने तरुणपणी कितीतरी आठवडे चालवलेला होता. एक म्हातारा घड्याळजी आणि त्याच्यावर रुसून घर सोडून गेलेली मुलगी. त्या संध्याकाळी बायकोने त्याला हाताला धरून खाली नेलं आणि खांबामागच्या खुर्चीवर बसवलं. तिथून पडद्याचा उजवा कोपरा दिसत नाही, म्हणून ती खुर्ची कोणी घेत नाही. मग ती वर आली, पदर खोचला आणि माझ्या शेजारी उभी राहिली. माझा जीव टांगणीला लागला. पण पहिला ठिपका आला, तिचा हात फिरला, आणि खाली कोणाला पत्ताही लागला नाही.

शेवटचं रीळ माझ्या वाट्याला आलं. मी खाली पाहिलं. एरवी ठिपक्यासाठी सदा सज्ज असणारा त्याचा हात गुडघ्यावर पडून होता. तो पुढे वाकून, आ वासून बघत होता, लहान मुलासारखा. इतकी गर्दी मी पाहिली, पण असं बघणारा माणूस पाहिला नव्हता.

दिवे लागले. तो वर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"ती मुलगी परत येते गं," तो म्हणाला.

"येतेच की."

"मला ठाऊकच नव्हतं. खालून हुंदके ऐकू यायचे. मी धरून चाललो होतो, की म्हातारा एकटाच गेला."

मग त्याने माझ्या तापलेल्या अंगावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आता मी तिकीटखिडकीजवळ उभा असतो, येणारेजाणारे माझ्यासोबत फोटो काढतात. मित्रांनो, माझ्यावरून फडकं फिरवलंत तर उपकार होतील. पण आधी आपल्या घरात बघा. सगळ्यांची सोय बघत तिथेही कोणीतरी उभं असेल. त्याला एकदा हाताला धरून खुर्चीवर बसवा, आणि गोष्ट संपेपर्यंत उठू देऊ नका.