तिघांचा दहावा

नागचतुर्थीला भाऊ मुराळी होऊन न्यायला आल्याशिवाय गोजरबाई कधी माहेरी गेली नव्हती. चाळीस वर्षं हा मान तिनं सांभाळला. आधी बैलगाडी यायची, पुढं एसटी आली, पण सहादेव दर साली दारात येऊन उभा राहायचा आणि मगच ती पिशवी उचलायची.

या साली दुपार झाली तरी तो आला नाही. बाराच्या सुमाराला तिनं सुनेला म्हशीचं सांगितलं, राहुरीच्या स्टँडवर आली आणि कोपरगावच्या गाडीत बसली. अंगात त्राण नव्हतं. श्रावणी सोमवार आणि नागचतुर्थीचा भावासाठीचा उपास एकाच दिवशी आलेला, पावसाचा पत्ता नाही, गाडीभर धुरळा. राग धरायलासुद्धा ताकद लागते; ती कोल्हारच्या पुलापर्यंतच पुरली. पुढं नुसती काळजी उरली.

आठ दिवसांमागं बाजारात माहेरची लंकाबाई भेटली होती. "तुझा भाऊ पारावर येत न्हाई, कुनाशी बोलत न्हाई. रेडिओ कनगीत घालून ठिवलाय," म्हणाली.

रेडिओ कणगीत! लग्नानंतर चार वर्षांत बायको गेली, तेव्हा सहादेवानं दुसरी केली नाही. पुढं कधीतरी रेडिओ घेतला, आणि तिथून त्याला अवकाशयानांचं येड लागलं. कुठल्या देशाचं यान कधी उडणार, आत किती माणसं, ती खाणार काय, निजणार कशी, सगळं तोंडपाठ. पारावर बसून गावाला सांगायचा. गोजरबाई म्हणायची, "घरावरची कौलं सरकलीत ती बघ आधी, मग चंद्राचं बघ." म्हणायची, पण ऐकून घ्यायची. त्या एका गोष्टीपायी तो माणसांत होता, हे तिला कळत होतं.

राहात्याला मागच्या बाकावर कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचू लागलं. आज संध्याकाळी सात वाजून चार मिनिटांनी अमेरिकेचे तिघं चंद्राकडं निघणार. या खेपेला संगं मोटारगाडी नेणार. या मोटारीचं तर सहादेव दिवाळीपासून सांगत होता. गोजरबाईनं डोळे मिटले. आज उडायचंय आणि रेडिओ कणगीत. म्हणजे दुखणं लहान नव्हतं.

कोपरगावाहून पुढं चालत ती पोचली तेव्हा सांज झाली होती. सहादेव ओट्यावर बसला होता. उठला, पिशवी घेतली, पाण्याचा तांब्या आणला. ती पाणी प्याली आणि तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"मिशी कुठं हाय?"

"काढली."

"मिशी बाप मेल्यावर काढत्यात. आपला बाप जाऊन वीस वर्षं झाली. आता कोन मेलं?"

"तीन मानसं, आक्का."

मग त्यानं सांगितलं. रशियाच्या तिघांनी जूनमध्ये आभाळात घर थाटलं होतं. तेवीस दिवस राहिले. सहादेव रोज त्यांची खुशाली पारावर सांगायचा. उतरायच्या आदल्या दिवशी त्यानं सगळ्यांना शब्द दिला, उद्या माझ्याकडून गूळ. यान खाली आलं सुद्धा बरोबर. बाहेरच्यांनी दार उघडलं तर तिघं बसल्या जागी गेलेले. आतली हवा निघून गेली होती. अंगावर ओरखडा नाही.

"आन् शेजारचा आबासाहेब पारावर इचारतोय, गूळ कधी?"

"त्याच्या जिभंला हाड न्हाई, तुला ठावं हाय. म्हनून मिशी काढायची?"

"दहावा घातला मी त्यांचा. गोदावरीवर."

गोजरबाई भिंतीला टेकली. साठ वर्षांच्या जन्मात तिनं बरंच काही ऐकलं होतं, हे ऐकलं नव्हतं.

"त्यांचं गोत ठावं न्हाई, देव ठावा न्हाई. बाबा, त्यांच्यात जाळत्यात का पुरत्यात ते तरी ठावं हाय का तुला?"

"न्हाई. पिंड ठिवले तीन. कावळा शिवला न्हाई, आक्का. दिवस कलला तरी न्हाई."

आता तिला कळलं दुखणं कुठं होतं. गाव हसलं ते त्यानं सोसलं असतं. कावळ्याचं त्यानं मनाला लावून घेतलं होतं.

"मागं काय ऱ्हायलं असंल ते करतो, म्हनून सांगावं लागतं कावळ्याला. तू काय सांगितलंस?"

"म्हनलं, तुमचं ऱ्हायलेलं काम पुढची मानसं करतील. जातील, आन् धडपनी परत येतील."

"आन् आज पुढची मानसं चाललीत, तर तू तोंड फिरवून बसलायस?"

सहादेवानं मान वर केली. "तुला कुनी सांगितलं?"

"गाडीत. मी अडानी हाय, भैरी न्हाई."

"ती अमेरिकेची हायत, आक्का. त्यांचं आन् रशियाचं वाकडं हाय."

"भावकीचं वाकडंच असतंय. म्हंजी भावकीच की!" ती कंबरेवर हात देत उठली. "मेलेल्या मानसाला शब्द द्यायचा आन् येळ आली की रेडिओ दान्यात पुरायचा. कावळा शिवंल कसा? काढ तो."

"मला न्हाई ऐकवायचं. पुन्हा तिघंच हायत."

"म्हनूनच काढ. मी उपाशीपोटी, बिनमुराळ्याची इथवर आले. माझी अब्रू गेली ती गेली, आता तुझा शब्द तरी ऱ्हाऊ दे."

तो आत गेला. ज्वारीत हात घालून रेडिओ बाहेर काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. सेल थकले होते. ते त्यानं तळहातावर चोळले आणि परत बसवले. खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर. मग एक इंग्रजी आवाज लागला. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. सहादेवाला उलटे आकडे तेवढे येत होते.

"धा," तो म्हणाला. "नऊ. आठ."

गोजरबाईनं त्याच्या हाताकडं बघितलं. आकड्यागणिक एक बोट मिटत होतं. तिनं त्याच्यावर आपला हात ठेवला नाही, तशी तिची रीत नव्हती. नुसती जवळ सरकून बसली.

मोठी घरघर झाली, पूर आलेल्या नदीसारखी. आवाज भरभर बोलू लागला, दुसरा आवाज त्यावर काहीतरी म्हणाला. सहादेव कान लावून बसला होता. घरघर विरली तरी बोलणं चालूच राहिलं, निवांत, कामाचं बोलल्यासारखं.

"गेले," तो म्हणाला.

"उतरनार कवा?"

"बारा दिसांनी."

"बारा!"

"जायचं काय, आक्का, जातंय. उतरायचं अवघड हाय." तो रेडिओकडं बघत बोलत होता. "तवर ऱ्हाशील का?"

या भावानं आजवर तिच्याकडं काही मागितलं नव्हतं. गोजरबाईला घरची म्हैस आठवली, राहिलेली खुरपणी आठवली, सुनेचं तोंड आठवलं. सगळं अंग दुखत होतं.

"ऱ्हाते. घोंगडी झटकून दे, पिसवा असतील तुझ्या घरात."

तेवढ्यात गल्लीतून आबासाहेबाचा आवाज आला. "काय सहादेव, रेडिओ वाजतुया आज! उडालं का न्हाई?"

गोजरबाईनं ओठ उघडले. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची तिची तयारी होती. पण सहादेव आधीच उंबऱ्यात जाऊन उभा राहिला होता.

"उडालं," तो म्हणाला. "तिघं हायत. मोटार हाय संगं."

"मोटार? आन् ती हाकतंय कोन?"

"ये वर, सांगतो."

आबासाहेब ओट्यावर आला. सहादेव त्याला सांगू लागला, आधी अडखळत. मधेच उठून आत आला, चूल पेटवली, तिच्यासाठी भगर टाकली आणि परत बाहेर जाऊन बसला. भगर खाली लागल्याचा वास आला, तरी त्याचं बोलणं थांबलं नाही. गोजरबाई कण्हत उठली आणि पातेलं उतरवून घेतलं.