व्हिकचा बर्नर, डेसचा डबा

“फायदा काय याचा? तेवढं सांग, बाकी पुराण नको,” ग्लेनिस म्हणाली.

डेसने बाकावरचा लाकडी डबा तिच्याकडे सरकवला. गावातली निवृत्त मंडळी ज्या पत्र्याच्या वर्कशॉपात खुर्च्या दुरुस्त करायला आणि एकमेकांची उणीदुणी काढायला जमत, तिथं सकाळचा चहा चालला होता. सगळ्यांचे कान इकडेच होते.

“ह्या भोकात नळी घालायची. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे, खाली बॅटरी. ज्योत नाही, काही नाही. इंडक्शनच्या शेगडीवर भांडं तापतं ना, तसं तुझ्या नळीचं टोपण आपोआप तापतं.”

“आणि तापलं की?”

“टिक वाजतं.”

“ते माझ्या बर्नरवरही वाजतं.”

“हे लवकर वाजतं, कॅप्टन. आणि चारी बाजूंनी सारखं तापतं.”

“लवकर वाजून काय करू? मला कुठं गाडी गाठायचीय?”

मंडळी खदखदून हसली. डेसचे कान लाल झाले. त्याने तो डबा खास तिच्यासाठी बनवला होता, हे तिला कळत होतं आणि नेमका त्याचाच राग येत होता. लोक आपल्यासाठी काहीबाही बनवायला लागले की समजावं, त्यांनी आपल्याला म्हाताऱ्यांत काढलं.

तशी ती म्हातारी होतीच. पण गावाच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाची ती पहिली बाई कॅप्टन होती, आणि गहू पिकवणाऱ्या या सपाट मुलखात गवत कसं पेटतं हे तिनं फार जवळून पाहिलं होतं. आता संधिवाताने बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती. गोळ्यांनी पोट बिघडलं तेव्हा डॉक्टरांनी गांजा लिहून दिला. रीतसर कायद्याने, औषधाच्या दुकानातून. चिमूटभर पाला धातूच्या नळीत भरायचा, टोपण तापवायचं, टिक वाजलं की वाफ ओढायची. थोड्या वेळाने बोटं तिचं ऐकू लागत.

टोपण ती व्हिकच्या बर्नरवर तापवी. व्हिक, तिचा नवरा, प्लंबर होता. जन्मभर त्याने त्या पितळी बर्नरने तांब्याचे पाइप जोडले. तो गेला तेव्हा त्याचे कपडे तिने देऊन टाकले, बर्नर नाही दिला. मागच्या अंगणातल्या तीन भिंतींच्या शेडमध्ये, त्याच्याच खिळ्याला तो लटकलेला असे. त्याचा खटका हल्ली तिच्या अंगठ्याला दबत नसे. मग ती बर्नर शिकंज्यात आवळी आणि तळहाताच्या टाचेने खटका दाबी. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

“ने परत तुझा डबा,” ती डेसला म्हणाली.

डेसने तो नेला नाही. जाताना तिच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवून दिला.

गुरुवारी जॅनीन यायची होती. जॅनीन ही तिची एकुलती एक मुलगी, दूर बॅलारॅट शहरात राहायची. मागच्या खेपेला तिने आईला बिटाचा सीलबंद पत्र्याचा डबा उघडायला घेऊन तो तसाच कपाटात ठेवताना पाहिलं होतं. त्याआधी हिवाळ्यात टोपण तापवताना बर्नरने स्वयंपाकघराचा पडदा जळाला होता. तेव्हापासून घरात ज्योत पेटवायची नाही, अशी शपथ तिने आईकडून घेतली होती. आता तिने आईसाठी आपल्या शेजारची एक खोली बघून ठेवली होती.

“मला एकदा जेवायला घालून दाखव, आई,” ती फोनवर म्हणाली होती. “नेहमीचं थंड जेवण. सगळं तू एकटीनं करायचं. जमलं तर मी तो विषय काढणार नाही. नाही जमलं तर तू माझ्याबरोबर येशील. कबूल?”

“ये तर खरी,” ग्लेनिस म्हणाली होती.

गुरुवारी सकाळी रेडिओने आगबंदी जाहीर केली. पारा चव्वेचाळीसवर जाणार, उत्तरेचा तापलेला वारा सुटणार, उघड्यावर कुणीही कसलीही ज्योत पेटवायची नाही.

ग्लेनिस शेडमध्ये उभी राहिली. समोर कुंपणापर्यंत वाळकं गवत, त्यापलीकडे गव्हाची धसकटं. बर्नर खिळ्याला होता. एक मिनिटाचं काम. कोण बघणार होतं? पण आगबंदीच्या दिवशी अंगणात मांस भाजणाऱ्या बँकेच्या मॅनेजरला तिनं चारचौघांत फैलावर घेतलं होतं. सख्ख्या दिराची चूल बादलीभर पाणी ओतून विझवली होती. तो मेला, पण शेवटपर्यंत बोलला नाही तिच्याशी.

“नाही म्हणजे नाही,” ती मोठ्याने म्हणाली आणि घरात आली.

घरात पेटवायचा तर जॅनीनला दिलेली शपथ होती. औषधावाचून भागवू, असं तिनं ठरवलं. टोमॅटो कापायला घेतला तर सुरी हातातून निसटून जमिनीवर पडली. बिटाच्या डब्याला ओपनर लावला, पण त्याचं चाक तसूभर फिरेना. बोटांतून कळा थेट कोपरापर्यंत गेल्या. ती खुर्चीवर बसली आणि तिला रडू फुटलं. दुखण्याचं नव्हतं ते. एवढ्याशा बिटाच्या डब्यापायी आपलं घर जाणार, याचं होतं.

मग डोळे पुसून ती गाडीकडे गेली.

डेसचा डबा तिनं स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला. नळी भोकात घातली. बारीक गुणगुण सुरू झाली आणि बघता बघता टिक वाजलं. बर्नरवरच्या सवयीप्रमाणे टिकनंतरही तिनं एका श्वासापुरती नळी आतच राहू दिली. ज्योतीवर तेवढी धग लागायचीच. इथं तेवढ्यात पाला जळून गेला; वाफ ओढली तर तोंडात नुसती राख. ठसका लागला.

“मेल्या डेस!”

दुसऱ्यांदा चिमूट भरली. या वेळी टिक वाजताक्षणी नळी बाहेर काढली. वाफ मऊ आली, पाल्याची हिरवी चव घेऊन. बर्नरवर अशी चव तिला कधी लागली नव्हती. हे ती डेसला मरेपर्यंत सांगणार नव्हती.

जॅनीन आली तेव्हा टेबलावर हॅम होतं, विजेच्या शेगडीवर उकडलेली अंडी होती, टोमॅटो होते जाड-बारीक कसेही कापलेले, आणि काचेच्या वाडग्यात बीट. ओपनरने कडा वेडीवाकडी तोडलेला रिकामा डबा ग्लेनिसने मुद्दामच ओट्यावर ठेवला होता.

जॅनीनने तो उचलून पाहिला. “कुणी उघडून दिला?”

“तुझ्या बापाच्या भुतानं. बस, जेव.”

“आई, आज आगबंदी आहे. तू बर्नर पेटवलास?”

“मला विचारतेस? मला?”

मुलीने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि प्रश्न मागे घेतला. मग तिची नजर लाकडी डब्यावर गेली. “हे काय?”

“डेसचं खेळणं.”

“चालतं?”

“वाजतं.”

जॅनीन जेवली. बीट दोनदा घेतलं. तिच्या ब्लाउजवर लाल डाग पडला, तेव्हा दोघीही हसल्या. व्हिकच्या प्रत्येक सदऱ्यावर तो असायचा.

निघताना तिने आईचे हात हातात घेतले. “मी शब्द दिलाय, म्हणून काही बोलत नाही. पण हे हात काही सुधारणार नाहीत, आई.”

“माहीत आहे. हात माझे आहेत.”

“हिवाळ्यात काय करशील?”

“सूप. यायचं तर ये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा दक्षिणेकडून आला, थंड. रेडिओने बंदी उठल्याचं सांगितलं. ग्लेनिस नळी घेऊन तडक शेडमध्ये गेली. कालचा दिवस नाइलाजाचा होता, आता पुन्हा आपलं ते आपलं. तिनं बर्नर खिळ्यावरून काढला, शिकंज्यात आवळला, तळहाताची टाच खटक्यावर ठेवली आणि दाबली.

खटका दबला नाही.

तिनं अंगाचा भार टाकला. मग दुसरा हात लावला. मग बर्नरला, डेसला, संधिवाताला, आणि लवकर मेला म्हणून व्हिकला शिव्या दिल्या. खटका अर्धा गेला, गॅस फुसफुसला, ज्योत काही धरली नाही. काल ओपनर फिरवताना उरलीसुरली ताकद संपली असावी, असं तिनं स्वतःला सांगितलं. आणि ते खरं नाही हेही तिला ठाऊक होतं.

तिनं बर्नर शिकंज्यातून सोडवून हातात घेतला. पितळ गार होतं. व्हिकच्या अंगठ्याने मुठीवर पडलेला खळगा अजून तसाच होता. तिनं गॅसची कळ घट्ट बंद केली, फडक्याने नळकांडं पुसलं आणि तो पुन्हा खिळ्याला अडकवला, तोंड भिंतीकडे करून, व्हिक अडकवायचा तसा.

मग घरात येऊन तिनं फोन लावला.

“डेस, ऐक. तुझ्या त्या डब्याचा काडीचा फायदा नाही.”

“बरं, कॅप्टन.”

“टिक तेच, वाफ तीच.”

“बरं. मग घेऊन जाऊ का परत?”

ग्लेनिसने खिडकीतून शेडकडे पाहिलं.

“येशील तेव्हा दुसरी बॅटरी घेऊन ये,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.